पेल्यातली साखर

भोसरीच्या एमआयडीसीत एप्रिल महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला उभे राहिले की पहिली पाळी सुटताना दिसते. डबे हातात घेतलेली माणसे फाटकाबाहेर येतात आणि निम्मीअधिक समोरच्या कुठल्या तरी गाडीपाशी थांबतात. कुठे घुंगरू वाजवणारा रसवंतीचा चरक, कुठे लिंबू सरबताची हातगाडी, कुठे टपरीवरचा चहा, तर कुठे बर्फाच्या पेटीतली थंड बाटली. आठ तास लेथसमोर किंवा भट्टीसमोर उभे राहिलेल्या माणसाला काही तरी गार आणि गोड हवे असते, आणि त्यात नवल काहीच नाही.

आमच्या शाळेतली बरीचशी मुले याच माणसांची. एका पालकसभेत मी नेहमीप्रमाणे बाटलीबंद शीतपेयांबद्दल बोलले. सभा संपल्यावर सातवीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. म्हणाली, "बाई, बाटलीचं आम्ही कधीच सोडलं. ह्यांना डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं, तेव्हापासून घरात आणत नाही. आता हे पाळी सुटल्यावर दोन गिलास उसाचा रस पितात. तो नैसर्गिक असतो ना? तो चालंल ना?"

मला चटकन 'नाही' म्हणता आले असते. पण 'का नाही' हे तिला पटेल असे सांगता येईना. शिवाय त्याच वर्गात एका रसवंतीवाल्याचा मुलगा होता. त्याच्यासमोर उद्या हा विषय काढायचा, तर नुसत्या मताने भागणार नव्हते. मोजून दाखवायला हवे होते. पण साखर विरघळली की दिसत नाही. मग ती मोजायची कशी?

उत्तर भोसरीतच होते, आणि तेही एका वर्कशॉपमध्ये.

कूलंट आणि ऊस

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर धातू कापला जात असताना त्यावर सतत एक दुधासारखे पांढरे द्रव सोडलेले असते. कारागीर त्याला कूलंट म्हणतात. ते पाण्यात मिसळलेले खास तेल असते. त्याचे प्रमाण बिघडले की पंचाईत होते. तेल कमी पडले तर यंत्र आणि सुटे भाग गंजतात. जास्त झाले तर फेस येतो, पैसे वाया जातात आणि कामगारांच्या हातांना खाज सुटते. म्हणून बऱ्याच वर्कशॉपमध्ये एक छोटी नळी असते. तिच्या टोकाच्या तिरक्या काचेवर कूलंटचे दोन थेंब टाकायचे, वरचे झाकण मिटायचे आणि नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावायची. आत एक मोजपट्टी दिसते. तिचा वरचा भाग निळा आणि खालचा पांढरा असतो. दोन्ही रंग जिथे भेटतात तो आकडा वाचायचा.

या नळीचे नाव रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अपवर्तनमापी. तिच्यावरचे आकडे बहुतेक वेळा 'ब्रिक्स' या एककात असतात. हे एकक मुळात कूलंटसाठी नाही, साखरेसाठी केलेले आहे. आडोल्फ ब्रिक्स हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन अभियंता. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर असली की एक अंश ब्रिक्स. साखर कारखान्याचे लोक ऊस तोडायला आला की नाही हे पाहण्यासाठी फडात जाऊन हीच नळी वापरतात. आमच्या वर्गातल्या ज्या मुलांचे आजोबा गावाकडे ऊस लावतात, त्यांना ब्रिक्स हा शब्द ऐकून माहीत होता. ज्यांचे वडील सीएनसीवर आहेत, त्यांनाही तो माहीत होता. दोन्ही ब्रिक्स एकच, हे मात्र कुणाच्याच लक्षात आले नव्हते. माझ्याही नाही.

तत्त्व सोपे आहे. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवली तर ती पृष्ठभागापाशी मोडल्यासारखी दिसते, कारण हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशाची दिशा बदलते. पाण्यात साखर विरघळवली की ही दिशा आणखी बदलते, आणि किती बदलते हे साखरेच्या प्रमाणावर ठरते. नळीतल्या मोजपट्टीवर हा बदल थेट साखरेच्या आकड्यात वाचता येतो.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ही नळी शनिवारी दुपारी आणून दिली, सोमवारी सकाळी परत करण्याच्या बोलीवर.

शिक्षकांनी हा प्रयोग करायचा असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी काच साबणाच्या पाण्याने नीट धुऊन घ्यावी. कूलंट पोटात जाण्याची वस्तू नाही, म्हणून तपासलेला थेंब कुणी चाखू नये. नंतर साध्या पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर येते का ते पाहावे. फसफसणारे पेय थेट टाकू नये, कारण बुडबुड्यांमुळे रेघ अस्पष्ट होते. ते दोन पेल्यांत आलटूनपालटून ओतावे आणि वायू निघून जाऊ द्यावा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नळीला साखर 'ओळखता' येत नाही. विरघळलेले मीठ, आम्ल, दुधातले पदार्थ असे सगळेच प्रकाशाला वळवतात आणि सगळ्यांची बेरीज आपल्याला दिसते. कोला पेयात जवळजवळ सगळा वाटा साखरेचाच असतो, त्यामुळे तिथे आकडा विश्वासाचा. उसाच्या रसात थोडा वाटा इतर द्रव्यांचा असतो. दुधाच्या चहाला तर ही नळी लावण्यात अर्थच नाही. चहासाठी दुसरी युक्ती आहे, ती पुढे पाहू.

रेघ कुठे थांबते?

नेहमीच्या कोला पेयात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ते अकरा ग्रॅम साखर असते, आणि नळीतली रेघही तिथेच थांबते. आंब्याच्या डबाबंद पेयांत ती आणखी वर, तेराचौदाच्या आसपास जाते. ही पेये मुलांना 'फळाचा रस' म्हणून दिली जातात, म्हणून त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा तयार फळपेयात फळाचा रस किमान दहा टक्के असला की पुरते. उरलेले बहुतांश पाणी आणि साखर.

आणि उसाचा रस? ताज्या, पिकलेल्या उसाचा रस सोळा ते वीस ब्रिक्स भरतो. त्यातून इतर द्रव्यांचा वाटा वजा केला आणि बर्फ वितळून पडलेले पाणी धरले, तरी पेल्यात १०० मिलिलिटरला तेराचौदा ग्रॅम साखर सहज उरते. म्हणजे ज्या बाटलीला आपण नावे ठेवतो तिच्यापेक्षा रस जास्त गोड.

वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा थोडी शांतता झाली. रसवंतीवाल्याच्या मुलाने नळी पुन्हा मागून घेतली आणि स्वतः पाहिली.

पण प्रमाण म्हणजे अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी म्हणजे पेला केवढा. इथे गणिताच्या तासाची मदत घ्यावी. कोलाची ३०० मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम साखर. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते, तेव्हा हे सहासात चमचे झाले. उसाच्या रसाचा २५० मिलिलिटरचा पेला म्हणजे ३३ ते ३५ ग्रॅम. त्या मुलीचे वडील असे दोन पेले घेत होते. ६५ ते ७० ग्रॅम साखर, तीही पाच मिनिटांत.

हे जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली यासाठी एक मार्गदर्शक मर्यादा दिली. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा 'मुक्त साखरे'तून यावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. २००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढ माणसाला दहा टक्के म्हणजे २०० कॅलरी. एक ग्रॅम साखर ४ कॅलरी देते, म्हणून ही मर्यादा ५० ग्रॅमची. पाच टक्क्यांची मर्यादा २५ ग्रॅमची. दीड हजार कॅलरी लागणाऱ्या लहान मुलासाठी हेच आकडे साधारण ३७ आणि १९ होतात. ही मर्यादा निरोगी माणसासाठी आहे, हेही लक्षात असू द्यावे. मधुमेह असलेल्याला त्याचे डॉक्टर सांगतील ते प्रमाण.

'मुक्त साखर' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. वरून घातलेली साखर, गूळ, काकवी, मध आणि फळांच्या काढलेल्या रसातली साखर हे सगळे मुक्त साखरेत मोजतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर मोजत नाहीत. उसाचा रस नैसर्गिक आहे हे खरेच. पण कारखान्यातली साखर तरी कुठून आली? त्याच रसातून. रस आटवला की काकवी, काकवी आणखी आटवली की गूळ. गुळातही शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास साखरच असते. त्यात लोह, पोटॅशियम वगैरे थोडे असते, पण त्यासाठी गुळाचे पन्हे पेल्यांवर पेले प्यायचे म्हणजे मिठाच्या आशेने समुद्र पिण्यासारखे आहे.

मग ऊस खाल्लेला चालतो, रस का नाही, असा प्रश्न मुलांनी विचारला, आणि तो फारच चांगला प्रश्न आहे. याचे उत्तर मुलांना स्वतः शोधू द्यावे. पेलाभर रसाला सुमारे अर्धा किलो ऊस लागतो. तेवढा ऊस दातांनी सोलून, चावून, चघळून, चोथा थुंकून संपवायला किती वेळ लागेल? अर्धा तास तरी. जबडे दुखायला लागतात आणि पुष्कळदा मध्येच थांबावे लागते. चरक हेच काम अर्ध्या मिनिटात करतो. संत्रे सोलून खाल्ले की एकदोन पुरतात. रस काढला की तीनचार लागतात, आणि पोट भरल्यासारखे वाटत नाही ते वेगळेच. द्रवातून आलेल्या ऊर्जेची दखल आपली भूक नीट घेत नाही. रस प्यायला म्हणून कुणी रात्री एक पोळी कमी खात नाही.

साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन जोडीदारांचा असतो. लहान आतड्यात ते वेगळे होतात. ग्लुकोज रक्तात जाते आणि त्याला पेशींत पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृताला निस्तरावा लागतो, आणि एकदम खूप आले तर यकृत त्यातल्या काहीची चरबी बनवते. पेल्यात साखर आधीच विरघळलेली असते, चोथा नसतो, म्हणून हे सगळे लोंढ्यासारखे येते. मधुमेही माणसाचे इन्सुलिन अपुरे किंवा निष्प्रभ असते. त्याला हा लोंढा पेलत नाही, मग तो चरकातून आलेला असो की बाटलीतून.

इतके गोड असून गोड का लागत नाही?

दहा टक्के साखर म्हणजे किती गोड, हे जिभेने तपासावे. एका पेल्यात १०० मिलिलिटर पिण्याचे पाणी घ्या, त्यात सपाट भरलेले अडीच चमचे साखर विरघळवा आणि घोटभर प्या. बहुतेकांना ते नको इतके गोड, चिकट लागते. आता त्यात अर्धे लिंबू पिळा आणि पेला थंड करा. तेच पाणी एकदम पिण्याजोगे होते. साखर एक कणही कमी झालेली नाही. आंबटपणा गोडी झाकतो आणि थंडपणाने जिभेला गोडी कमी जाणवते. गरम झालेला कोला पिऊन पाहिलेल्यांना याचा अनुभव असेल. म्हणून पेयाची गोडी जिभेवर ठरवू नये.

हीच चलाखी आपल्या घरगुती सरबतांनाही लागू आहे. कोकणातून येणाऱ्या तयार कोकम सरबताच्या बाटलीकडे आपण कौतुकाने पाहतो. पण असल्या घट्ट सरबतात विरघळलेले घन पदार्थ किमान पासष्ट टक्के असावेत असा नियमच आहे, आणि त्यात बहुतांश साखर. एका भागात चार भाग पाणी घातले की पेल्यात तेरा टक्के उरते. म्हणजे आपण पुन्हा आंब्याच्या डब्यापाशी आलो. कोकमाचे आगळ मात्र वेगळे. त्यात साखर नसते, मीठ असते. एक चमचा आगळ, पाणी, जिरेपूड आणि चवीपुरती साखर. इथे चमचा आपल्या हातात राहतो. लिंबू सरबताचे आणि कैरीच्या पन्ह्याचेही तेच. पेलाभर लिंबू सरबतात दोन सपाट चमचे साखर म्हणजे आठदहा ग्रॅम. तेवढ्यावर भागते. गाडीवाल्याला "साखर कमी, मीठ जरा जास्त" सांगितले तर तो आनंदाने ऐकतो. त्याची साखर वाचते.

ताकाबद्दल काय लिहावे? साखर घातली नाही तर या यादीत त्याची जागा सगळ्यांच्या वर आहे, आणि भोसरीत ते मिळतेही. गैरसोय एवढीच की ते गोड नाही. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला साधारण तीन ते पाच ग्रॅम साखर आणि भरपूर पोटॅशियम असते. पण चार माणसांच्या घराला ते रोज परवडत नाही, तेव्हा त्याचा उपदेश करण्यात हशील नाही.

दातांचा विचार केला तर चित्र थोडे बदलते. दातावरचे कवच, म्हणजे इनॅमल, सामू साडेपाचच्या खाली गेला की विरघळू लागते. कोलाचा सामू अडीचच्या आसपास असतो. लिंबू सरबतही फार मागे नाही. म्हणजे घरचे असले तरी आंबट-गोड पेय तासभर घोट घोट घेत बसणे दातांना वाईटच. एकदा पिऊन संपवावे, वर पाण्याने चूळ भरावी. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क करून या सगळ्या पेयांची आम्लता वर्गात पाहता येते. मात्र कोलाचा स्वतःचा रंग आड येतो, म्हणून तो पाण्याने बराच पातळ करावा.

चहाचा हिशेब

आता राहिलेली युक्ती. टपरीवरच्या कटिंगमध्ये दीड-दोन चमचे, म्हणजे सातआठ ग्रॅम साखर असते. एक कटिंग काहीच नाही. पण पाळीत दोन, सुटल्यावर एक, घरी दोन अशा पाच कपांची बेरीज पस्तीस-चाळीस ग्रॅम होते. ही साखर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, कारण चहाला आपण गोड पेय समजतच नाही.

घरातली साखर मोजायला नळीची गरज नाही. महिन्याच्या किराण्याची यादी पाहावी. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर ५००० ग्रॅमला १५० ने भागले की माणशी रोज ३३ ग्रॅम येतात. बाहेरचा चहा, बिस्किटे, रस, बाटल्या यांचा हिशेब त्यावर वेगळा. मुलांना हे गणित घरी करायला दिले. दुसऱ्या दिवशी आलेल्या आकड्यांत बराच फरक होता. काही घरांत आजी आजोबांचा चहा, काही घरांत सणाचा महिना. पण प्रत्येक घराला आपला आकडा मिळाला.

दुधात घालायच्या चॉकलेटी पुडीचेही इथेच उरकून घेऊ. उंची, ताकद, बुद्धी अशा जाहिराती पाहून ती आणली जाते. अशा अनेक पुड्यांत १०० ग्रॅमला तीस-चाळीस ग्रॅम साखर असते, आणि त्यावर आई आणखी एक चमचा घालते. 'हेल्थ ड्रिंक' अशी कुठलीही व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या नावाखाली दाखवू नका अशी सूचना दिली. दूध मुळातच चांगले आहे. त्याला शिफारशीची गरज नाही.

बाटलीवर वेगळा राग का?

पूर्वी शीतपेयांची बाटली काचेची, परत द्यायची आणि दोनतीनशे मिलिलिटरची असे. १९७७ साली कोका-कोला कंपनी भारतातून गेली, आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही देशी नावे घराघरांत झाली. १९९३ मध्ये ती कंपनी परत आली आणि हीच नावे तिने विकत घेतली. पेप्सी त्याआधी, १९९० मध्ये आली होती. त्यानंतर पेय फारसे बदलले नाही, बाटली बदलली. प्लॅस्टिक आले, झाकण पुन्हा लावता येऊ लागले, आणि लग्नात मिळणारी वस्तू दोन-सव्वादोन लिटरच्या बाटलीतून फ्रिजमध्ये आली. दोन लिटर कोला म्हणजे दोनशे ग्रॅमहून जास्त साखर. वाण्याकडे तेवढ्या साखरेची पुडी बांधून घेतली, तर आपण ती एका संध्याकाळी चौघांत फस्त करू का?

ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. देशभर खळबळ माजली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती नेमली गेली आणि तिने २००४ मध्ये अहवाल दिला. प्रश्न महत्त्वाचाच होता. पण त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली, असे मला वाटते. कीटकनाशक शोधायला प्रयोगशाळा लागते. साखर मात्र पेयात कुणाच्याही नकळत नव्हती, आणि ती ग्रॅममध्ये होती.

आता पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर छापावी लागते. वाचताना 'प्रति १०० मिलि' हा स्तंभ पाहावा आणि बाटलीच्या मापाने गुणावे. 'शून्य साखर' लिहिलेल्या बाटल्यांत कृत्रिम गोडी असते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडीचा आधार घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. मुलांना तर त्यातून गोडीच्या सवयीशिवाय काही मिळत नाही.

रसवंतीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रसात फॉस्फरिक आम्ल नाही, कॅफीन नाही. पोटॅशियम आहे, आल्यालिंबाचा थोडा अंश आहे, आणि आंबटपणा बाटलीपेक्षा कितीतरी कमी. त्याची खरी जोखीम साखरेखेरीज बर्फाची. खाण्यायोग्य नसलेला, कारखान्यांसाठी केलेला बर्फ रसात पडला तर कावीळ आणि विषमज्वर यांना आमंत्रणच. म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये असा बर्फ निळा रंगवण्याचा आदेश काढला. रसवंतीवर बर्फाची लादी निळसर दिसली तर मागे फिरावे.

भट्टीसमोरच्या माणसाला काय हवे?

फोर्जिंगच्या भट्टीजवळ काम करणारा माणूस पाळीत कित्येक लिटर घाम गाळतो. घामात पाणी आणि मीठ जाते, साखर जात नाही. तरी थकवा आला की गोड प्यावे असे आपल्याला वाटते. यात थोडे तथ्य आहे, आणि ते विज्ञानाच्या एका सुंदर शोधाशी जोडलेले आहे.

लहान आतड्याच्या भिंतीत असे एक दार आहे की ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. १९६० च्या सुमारास हे कळले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. तीच आपली जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात एक लिटरला ग्लुकोज किती? फक्त साडेतेरा ग्रॅम. घरी करताना साखर दुप्पट लागते, कारण तिचा निम्मा भागच ग्लुकोज: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नये. शक्य असेल तेव्हा पाकीटच वापरावे.

कोलाच्या एका लिटरात शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते आणि सोडियम नावापुरते. इतके दाट द्रावण आतड्यात गेले की परासरणाने शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. जुलाब झालेल्या मुलाला ते दिले तर जुलाब वाढतात. दुकानांत 'ओआरएस' या नावाने गोड फळपेये विकली जात होती आणि आया ती औषध समजून मुलांना पाजत होत्या. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली.

म्हणून पाळी सुटल्यावर त्या मुलीच्या वडिलांना काय हवे होते? आधी पाणी. मग मीठ घातलेले ताक, किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी मीठ घालून. (रक्तदाब असेल तर मिठाबद्दलही डॉक्टरांना विचारावे.) तिच्या आईला मी हे सगळे फळ्यावरच्या आकड्यांसकट दाखवले. ती बराच वेळ 'दोन पेले – ७० ग्रॅम' या ओळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे बाटली सोडून आम्ही पुढंच गेलो की." ताक घरून बाटलीत भरून देता येईल का, ते आंबेल का, याची चौकशी तिने केली. सकाळचे ताक एप्रिलात दुपारपर्यंत आंबणारच. त्याऐवजी लिंबू आणि मिठाची पुडी डब्यात द्यायचे ठरले.

राहिला रसवंतीवाल्याचा मुलगा. पुण्याच्या आसपास रसवंतीवर 'कानिफनाथ' किंवा 'नवनाथ' हे नाव पुष्कळदा दिसते. या धंद्यातली कित्येक कुटुंबे पुरंदर तालुक्यातली, बोपगावच्या कानिफनाथाच्या परिसरातली आहेत. याचेही कुटुंब तिकडचे. उन्हाळ्याचे चार महिने हीच त्यांची कमाई. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, मग आमचं दुकान वाईट का?"

मी त्याला म्हटले, नाही. धावणाऱ्या पोराने आठवड्यातून एकदा हाफ गिलास रस प्यायला तर तो खाऊ आहे, आणि चांगला खाऊ आहे. मधुमेह्याने रोज दोन फुल प्यायले तर ते वाईट. तुमच्या पाटीवर हाफचा दर लिहिलाय का? तो म्हणाला, "लिहिलाय, पण बारीक." मग थोडे थांबून त्याने विचारले, की चरकातून ऊस चौथ्यांदा काढला तर शेवटचा रस कमी गोड असतो का? मला माहीत नव्हते. नळी सोमवारी सकाळी परत करायची होती, आणि रविवारचा दिवस मोकळा होता. तो ती घेऊन गेला.

सोमवारी वर्कशॉपच्या मालकांनी नळी डोळ्याला लावली, पुन्हा पुसली आणि पुन्हा लावली. "बाई, काच चिकट आहे," ते म्हणाले, "पोरांनी काय तपासलं हिच्यात?"